अदलाबदल करू का? परभणीच्या एका शिट्टीचं प्रकरण

परभणीहून एका निवृत्त गुरुजींचा निरोप आला. सोबत दोन शिट्ट्यांचे फोटो आणि खाली एकच ओळ: "दुकानदार ही पितळेची देतो म्हणतो, आपली जुनी द्यायची आणि वर पाचशे रुपये. करू का?"

मी जुन्या धातूच्या शिट्ट्या गोळा करतो, हे त्यांना भाच्याकडून कळलं होतं. असे निरोप मला येतात. बहुतेकांना एकच आकडा हवा असतो, किती येतील. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात दुकानदार चुकला, गुरुजी चुकले आणि शेवटी मीही चुकलो. प्रत्येकाची चूक मात्र निराळी होती.

पहिली शिट्टी गुरुजींच्या घरची. नळीसारखी, करंगळीएवढी जाड, एका टोकाला तोंडाची चपटी चोच आणि दुसऱ्या टोकाला टोपी नि कडी. रंग मळकट राखाडी, मधेमधे पिवळं उघडं पडलेलं. गुरुजींचे आजोबा निजामाच्या रेल्वेत गार्ड होते, बराच काळ पूर्णा जंक्शनवर. शिट्टी त्यांची, असं घरात सगळे सांगत आलेले. दुसरी शिट्टी दुकानातली. गोगलगायीच्या आकाराची, रेफ्रीकडे असते तसली, पण घट्ट पितळेची आणि झळझळीत. तिच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कोरलेलं: 'निजाम स्टेट रेल्वे, १९१२', आणि खाली 'जे. हडसन, लंडन'. दुकान संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या वाटेवरचं. नाव कशाला घ्या.

दुकानदाराचं म्हणणं गुरुजींनी जसंच्या तसं सांगितलं. एक, तुमची शिट्टी रेल्वेची नाहीच, नळीची शिट्टी पोलिसांची असते. दोन, तिच्यावर रेल्वेचं नाव नाही. तीन, ती खराब आहे, नीट वाजत नाही. माझ्याकडची मात्र खरी निजामाची, नावासकट. आजोबांची आठवणच ठेवायची तर ही ठेवा.

बोलणं पटण्यासारखं होतं. गुरुजींचा मुलगा तर तयारच झाला होता.

मी म्हणालो, "गुरुजी, दोन्ही घेऊन या. काही धुवू नका, घासू नका."

हे सांगायला माझ्याकडे कारण आहे. माझी पहिली जुनी शिट्टी मी जालन्याच्या आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगातून उचलली होती. घरी आणली, चिंच आणि विटेची पूड घेऊन तासभर घासली, आणि रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी निकेलचा मुलामा गेलेला, ठशाची अर्धी अक्षरं गेलेली, आणि आतली बुचाची गोळी फुगून अडकलेली. ती शिट्टी अजून टेबलावर आहे. पेपर दाबायला बरी पडते.

दुकानातली शिट्टी

गुरुजी आले ते पिशवीत दोन्ही शिट्ट्या आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी घेऊन. पितळी शिट्टी दुकानदाराने 'बघून या' म्हणून दिली होती. तेवढा भला माणूस तो होता, हे नोंदवून ठेवतो.

तिचा निकाल लावायला दहा मिनिटं पुरली. कोरलेला मजकूरच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. हडसनचा कारखाना बर्मिंगहॅमचा. जोसेफ हडसन हा तिथला अवजारं घडवणारा कारागीर, आणि त्याच्या शिट्ट्यांवर ठसा असतो तो बर्मिंगहॅमचा. 'लंडन' लिहिणाऱ्याला शिट्टीपेक्षा गिऱ्हाईक जास्त ठाऊक होतं.

रेल्वेचं नावही बसत नव्हतं. १९१२ साली मराठवाड्यातून धावणारी मुख्य लाइन 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' या कंपनीकडे होती. भांडवल कंपनीचं, त्यावरच्या परताव्याची हमी निजाम सरकारची, म्हणून 'गॅरंटीड'. सरकारने ती स्वतःकडे घेतली १९३० साली, आणि मग मधला शब्द गळाला. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन, म्हणजे औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड हा सगळा पट्टा, विसावं शतक उजाडताना सुरू झाली होती. तिच्यावरच्या १९१२ सालच्या सामानावर १९३० नंतरचं नाव यायला कारण नव्हतं.

आता धातू. खरी जुनी गोगलगाय-शिट्टी पितळेच्या पातळ पत्र्याची असते. साच्यात दाबून काढलेले तुकडे, डाख देऊन जोडलेले, वर बहुधा निकेलचा मुलामा. भिंगाखाली जोडाची बारीक रेघ दिसते. ही शिट्टी ओतीव होती. भिंती जाड, आतली बाजू खरखरीत. सराफ्यातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर माझ्याकडच्या खऱ्या थंडररच्या, म्हणजे हडसनच्या गोगलगाय-शिट्टीच्या, जवळजवळ दुप्पट भरली. सोनार म्हणाला, "ही गळ्यात घातली तर माणूस वाकंल की."

अक्षरं ठशाने मारली की धातू दबतो आणि कडेला किंचित उचलला जातो. गोल अंगावर मारली तर मधली अक्षरं खोल, कडेची उथळ येतात. हिच्यावरची सगळी एकाच खोलीची, एकाच जाडीची होती. म्हणजे यंत्राने कोरलेली. आणि झीज? खाचांमध्ये काळपट रंग भरलेला, पण जिथे ओठ लागतात आणि अंगठा टेकतो तिथे काहीच नाही. शंभर वर्षं वाजलेल्या शिट्टीला कुणी तोंडच लावलं नव्हतं.

मुरादाबाद, रुडकी या भागात जुन्या जहाजी सामानाच्या नकला करण्याचा मोठा धंदा आहे. होकायंत्रं, दुर्बिणी, घंटा, शिट्ट्या. 'टायटॅनिक' कोरलेल्या पितळी शिट्ट्या तिकडूनच जगभर जातात. शोभेची वस्तू म्हणून त्या विकण्यात काही गैर नाही, कारागिरी चांगलीही असते. गैर आहे तो वरचा साल.

म्हणून दुकानातल्या शिट्टीवर मी यापेक्षा वेळ घालवला नाही.

घरची शिट्टी

खरी मेहनत इथे होती. दुकानदाराचे तिन्ही मुद्दे मी ओळीने घेतले. शेवटच्यापासून, कारण तो सोपा वाटला.

'नीट वाजत नाही.' मी फुंकून पाहिली. वाजली, पण एकाच सुरात, पातळ, चहाच्या किटलीसारखी. नळीच्या शिट्टीचा सगळा जीव दोन सुरांत असतो. आत पडदा घालून हवेच्या दोन पोकळ्या केलेल्या असतात. एकीची लांबी दुसरीहून थोडी कमी. दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, फुंकलेली हवा खिडकीच्या धारेवर आपटते आणि पोकळीतली हवा थरथरते. पोकळी आखूड, सूर उंच. हे बासरीवाल्याला सांगायला नको. दोन सूर जवळजवळचे पण जुळत नाहीत, म्हणून एकत्र कानावर आले की बोचतात, आणि त्या बोचण्यानेच माणूस वळून बघतो. शिवाय साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तल्लख असतो, आणि शिट्टी बरोबर तिथेच ओरडते.

लंडनच्या पोलिसांनी शिट्टी स्वीकारली ती याच गुणावर. त्याआधी त्यांच्याकडे लाकडी करकरा असायचा, जत्रेत मिळतो तसला, दांडा धरून फिरवला की टरटर वाजणारा. १८८३ च्या सुमारास त्याला पर्याय शोधायला घेतला आणि हडसनच्या दुसुरी शिट्टीने बाजी मारली. हडसनच्या हातून व्हायोलिन पडलं, तार तुटतानाचा कर्कश आवाज त्याने ऐकला आणि त्यावरून कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे. मी ती गोष्ट म्हणूनच सांगतो. पाठोपाठ १८८४ मध्ये त्याने आत बुचाची गोळी फिरणारी गोगलगायीच्या आकाराची 'ॲक्मे थंडरर' काढली. तिच्यात गोळी हवेची वाट उघड-झाक करत राहते म्हणून आवाज फुरफुरतो. ती आज रेफ्रीच्या हातात आहे.

तर घरच्या शिट्टीचा एक सूर गेला होता. टॉर्च मारली तर एका खिडकीच्या आत मातकट काहीतरी. केरसुणीची काडी तासून हळूच फिरवली. कोरडी माती भुगा होऊन बाहेर आली, गुळगुळीत, आत बोटभर पोकळ घर. कुंभारमाशीचं. ट्रंकेत पडून राहिलेल्या शिट्टीत तिने बिऱ्हाड केलं होतं आणि सोडूनही गेली होती. गुरुजी बघतच राहिले. मग मी फुंकली. दोन्ही सूर निघाले आणि शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

या जातीत गोळी नसते, म्हणून कुजायला, फुगायला काही नसतं. थंडरर असती तर बूच बदलावं लागलं असतं.

दुसरा मुद्दा, 'नाव नाही'. रेल्वेचं नव्हतंच, पण ठसा होता, झिजलेला. दिवे मालवून टॉर्च आडवी धरली, की प्रकाश अक्षरांच्या काठावर अडतो आणि सावल्या वाचता येतात. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. 'हडसन' आलं. त्याखाली 'बार स्ट्रीट' आलं, आणि त्याच्या आधी दोन चौके, त्याआधी एका आकड्याचा फक्त तळ. सपाट तळ. म्हणजे दोन. २४४, बार स्ट्रीट.

शिट्ट्या जमवणाऱ्यांना हा पत्ता म्हणजे पंचांग. कारखान्याचा पत्ता '१३, बार स्ट्रीट' असा ठसा असेल तर ती १८८८ ते १९०९ मधली. '२४४' आला की १९०९ नंतरची. पण इथेच नवखे फसतात. २४४ हा पत्ता कंपनीने पुढे सोडलाच नाही, आजही तोच आहे. तेव्हा तो सांगतो ते एवढंच, की याआधीची नाही. '१९०९ ची शिट्टी' असं म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या अधिकाऱ्यांच्या शिट्ट्यांवर साल आणि सरकारी बाणाची खूण असे. दुसऱ्या युद्धात हवाई हल्ल्याच्या पहाऱ्यावरच्या लोकांना दिलेल्यांवर 'ए.आर.पी.' असे. हिच्यावर यातलं काही नाही. साधा बाजारी माल.

पहिला मुद्दा राहिला, आणि तो खरा अवघड. नळीची शिट्टी म्हणजे पोलिसांची, हे अर्धं खरं आहे. ती पोलिसांसाठी निघाली, पण विकत कुणीही घेत होतं. स्काउट, कारखान्यातले मुकादम, शिकारी, रेल्वेवाले. तेव्हा आकारावरून 'रेल्वेची नाही' म्हणता येत नाही. पण 'रेल्वेची आहे' असंही म्हणता येत नाही. आजोबा गार्ड होते हे खरं, शिट्टी त्यांच्या ट्रंकेत होती हेही खरं. या दोन गोष्टींमध्ये एक दुवा कमी होता.

मी विचारलं, "ट्रंकेत आणखी काय होतं?"

"काय असणार? एक फुटका कंदील, आणि एक वही. उर्दूत आहे. आम्हाला कुणाला वाचता येत नाही."

मराठवाड्यात हे नवं नाही. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणारे, देवापुढे अभंग म्हणणारे आमचे म्हातारे हिशेब मात्र उर्दूत लिहीत. एका पिढीचं सगळं खाजगी लिखाण पुढच्या पिढीला बंद कुलूप झालं. कितीतरी घरांतून या वह्या रद्दीत गेल्या.

गुरुजींनी परत जाऊन वहीच्या पानापानाचा फोटो काढून पाठवला. माझ्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. त्यांना चहाला बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. बदल्या, भत्ते, कुणाला दिलेले उसने पैसे, बैलाची किंमत. मग एका पानावर ते थांबले. "ये देखो. तेरा सौ इक्यावन फसली. 'रेलवे की सीटी जमा की. नई सीटी सिकंदराबाद से ख़रीदी, अपनी.' आगे क़ीमत है, सवा रुपया, हाली."

दोनच वाक्यं, पण कुलूप उघडलं.

दख्खनी फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष ऑक्टोबरात पालटायचं. १३५१ फसली म्हणजे १९४१-४२. 'हाली' म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया, हाली सिक्का. इंग्रजी राज्यातले शंभर कलदार रुपये म्हणजे सुमारे ११६ हाली. सव्वा रुपया ही काही मोठी रक्कम नव्हती, पण वहीत लिहून ठेवण्याइतकी होती.

आता रेल्वेचं नाव का नाही, याचं उत्तर मिळालं. रेल्वेने दिलेली शिट्टी आजोबांनी परत केली होती, ही त्यांची स्वतःची. थोडा विचार केला तर असंच व्हायला हवं. कंपनीच्या मालकीचं सामान, झेंडे, हातदिवा, शिट्टी, परत द्यायचं असतं. घरी राहते ती खिशातून घेतलेली. म्हणजे कोऱ्या शिट्टीकडे बघून 'नाव नाही, म्हणून रेल्वेची नाही' म्हणणं उलटंच होतं. खऱ्या गार्डच्या घरात नाव नसलेली शिट्टी सापडणं जास्त साहजिक.

आजोबांची नोकरी तीन पाट्यांखाली झाली. निजाम स्टेट रेल्वे, मग १९५१ पासून मध्य रेल्वे, मग १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वे. स्टेशन तीच, रूळ तेच. शिट्टीही तीच, असं मी माझ्या टिपणात लिहिलं. मुखाकडच्या चोचीवर वर आणि खाली दातांचे खोल वण आहेत, निकेल पूर्ण उडालंय. दोन्ही हातांत झेंडा आणि दिवा असला की गार्ड शिट्टी दातांत धरतो. मी लिहिलं: 'वण नोकरीतले. सुमारे तीस वर्षांच्या वापराचे.' मला या वाक्याचा बराच अभिमान वाटला.

किमतीबद्दल

गुरुजींना हे सांगताना मला जड गेलं. शिट्टी खरी आहे म्हणून महाग नाही. अशा नळीच्या शिट्ट्या अफाट संख्येने बनल्या. जमवणारे पैसे मोजतात ते एखाद्या पोलीस दलाचं नाव असेल, युद्धातलं साल असेल, लवकर बंद पडलेल्या छोट्या कारखान्याचा ठसा असेल तर. बिननावाची, २४४ पत्त्याची, मुलामा उडालेली शिट्टी माझ्यासारखा माणूस थोडक्यात घेतो आणि खोक्यात टाकतो. दुकानदार काही घबाड लाटायला बसला नव्हता. त्याला बहुधा जुनी इंग्रजी वस्तू एवढंच कळत होतं, आणि आपली पितळी वस्तू नकली आहे हे कदाचित कळतही नव्हतं.

"म्हणजे पाचशेच्या वर नाही?" मुलाने फोनवर विचारलं.

"फार वर नाही," मी म्हणालो. "पण वहीसकट असेल तर ती वस्तू माझ्या सगळ्या खोक्यापेक्षा भारी आहे. मी मागणार नाही. तुम्ही देऊही नका."

मुलाची दुसरी कल्पना अशी, की शिट्टी चकचकीत करून तिच्यावर आजोबांचं नाव कोरून घ्यावं. मी जवळजवळ ओरडलोच. काल ज्या कोरीव अक्षरांमुळे एक शिट्टी खोटी ठरली, तसलीच अक्षरं आपण हिच्यावर घालायची? नाव कागदावर लिहा. ठरलं ते असं: शिट्टी कोरड्या सुती कापडाने पुसायची, बाकी काही नाही. वहीतल्या त्या पानाची छापील प्रत, उर्दू वाचन आणि मराठी अर्थ एका कागदावर, शिट्टीसोबत एकाच डबीत. डबीत रबर किंवा कातडं ठेवायचं नाही, त्याने पितळ काळवंडतं. खिडक्यांवर बारीक जाळीचा तुकडा, कुंभारमाशीसाठी. पितळी शिट्टी दुकानदाराला परत.

प्रकरण इथे बंद झालं असं मी समजत होतो. दिवाळीनंतर परभणीला जाणं झालं तेव्हा डबी बघायला गुरुजींच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांची आई बसलेली, पंच्याऐंशीची. गुरुजींनी मोठ्याने माझं टिपण वाचून दाखवलं, दातांच्या वणांपर्यंत. म्हातारीने हात पुढे केला, शिट्टी घेतली, बोटाने चोच चाचपली आणि हसली.

"रेल्वेत कुठलं रं. नोकरीत असताना मामंजींची शिट्टी कशी लखलखीत असायची, रोज पुसायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर रिटायर झाले नं, मग ज्वारी राखायला माळ्यावर बसायचे. दोन्ही हातांनी गोफण फिरवायचे आन् तोंडात ही शिट्टी. दिवसभर चावून चावून वाजवायचे. पाखरू बसू देत नव्हते."

"किती वर्षं, माय?"

"मरेस्तोवर. दहा-बारा सुगी झाल्या असतील."

मी खिशातून पेन काढलं आणि टिपणातलं ते वाक्य खोडलं.